तिसरं मैदान

केळशीत, पडवीवर नकाशा पसरला.
तीन कोपऱ्यांवर कप,
चौथ्यावर खांबेट्यांचा गुडघ्याचा पट्टा.

परकार म्हणाला, सड्यावरचं घेऊ,
चेंडू कातळावर आपटला
की थेट खाडीकडे. फुकटचं अंतर!
खांबेट्यांना हिरवळच हवी, मऊ.
तिसरं महाग.
तरी त्याचं नाव चारदा निघालं,
दरवेळी कुणीतरी खिशावर हात ठेवून.

बारा वाजत आले.
कप उचलायला आलेली जयू म्हणाली,
उद्या ओहोटी साडेदहाला.
एवढंच.
कोपरे सुटले, नकाशा आपोआप गुंडाळला गेला.

साडेदहाला आम्ही अनवाणी,
ओल्या पुळणीवर,
चौघांत एकच काठी.
भोकं कुर्ल्यांनी आधीच पाडलेली,
शेकड्यांनी.
त्यातली अठरा कुठली,
यावर अजून भांडतोय,
आणि पाणी
घोट्याला लागलंय.