इतर शेरा

सावोनलिन्ना, डिसेंबर. तळं काठाकाठानं गोठतंय,
तीन वाजताच अंधारून आलंय.
माझ्या यादीत एक्केचाळीस प्रश्न:
पाणी किती वेळा, पाठीला जखम आहे का,
दाराशी कुलूप की माणूस.

औषधांच्या कपाटाला किल्ली तशीच लोंबत होती.
गुण कापले. कापायलाच हवे होते.

जेवणघरात तौनो हिर्वोनेन, चौतीस वर्षं पोस्टमन,
गल्लीवार पत्रं लावत बसलेले.
एक पाकीट माझ्यापुढे धरून म्हणाले,
"हे घर तर पाडलं. आता कुठं टाकू?"
एक्केचाळिसांत हा प्रश्न नव्हता.
"द्या इकडे," मार्यूत म्हणाली, "मी पोचवते,"
आणि एप्रनच्या खिशात ठेवलं, कोपरा न दुमडता.

पत्ते तीच लिहिते, नंतर कळलं.
रात्रपाळीत. अर्धे डाव्या हातानं,
सगळं एकाच हातचं वाटू नये म्हणून.

'इतर शेरा'ला जागा दीड ओळ.
मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.

निघताना तौनोंनी एक पाकीट हातात दिलं:
"तुमच्या वाटेवरच आहे."
गाडीतल्या दिव्याखाली पत्ता वाचला.
अक्षरं कलंडलेली,
घर क्रमांक मात्र दोनदा गिरवलेला.