पाणी मुरतंय

बेथेस्डा, वेल्स. नोव्हेंबर. खाणीचं गाव.
आपल्या शाळेतल्या पाट्या ज्या दगडाच्या,
तोच इथे छपराला, कुंपणाला, थडग्यालाही.
मी मीटरच्या दोन सुया भिंतीत टोचते.
काटा उजवीकडे जाऊन पडतो, उठत नाही.

योरवर्थ खुर्चीतून म्हणतो, "यंत्र बिघडलंय."
छातीत खाणीतली चाळीस वर्षं घरघरतात.
"बाहेरचा गिलावा माझ्या हातचा. एकोणऐंशी साली.
चांगलं सिमेंट, तीनास एक. चीर दाखव."

चीर आहे. केसाएवढी, खिडकीच्या कोपऱ्यात.
ती मी लगेच दाखवत नाही.

भिंतींना कान असतात म्हणतात.
कानांचं मला ठाऊक नाही, नाक मात्र असतं
जुन्या दगडी भिंतींना: रात्री प्यालेलं पाणी
चुन्याच्या सांध्यांतून त्या वाऱ्याला परत देतात.
सिमेंटनं ते बुजलं.
पाऊस केसाएवढ्या फटीतून आत जातो
आणि तिथेच बिऱ्हाड करतो.

माझ्याआधी दोन कंपन्या येऊन गेल्या.
जोत्यापाशी भोकं पाडून औषध टोचलं,
वीस वर्षांची हमी चौकटीत बसवून दिली.
चौकटीमागे बुरशी.

एलिनेड चहा आणते, हळूच विचारते,
"माझं काही चुकलं का?"
काय सांगू.
गुलाबांसाठी तिनं भिंतीला लागून माती चढवलीय,
घरातल्या फरशीहून वीतभर उंच.
त्याच्या खोकल्यापायी खिडक्या बंद,
हवेची जाळी जुन्या मोज्यांनी बुजवलेली,
त्याचे सदरे हीटरवर वाफाळताहेत.
या घरात निष्काळजीपणानं काहीच झालेलं नाही.

मी लिहिते: माती खाली घ्या. पन्हळ उपसा,
त्यात नेचे उगवलेत. मोजे काढा.
सिमेंट उतरवा, चुना लावा.
मग थांबा. भिंत महिन्याला इंचभर वाळते,
आणि ही दोन फूट जाड आहे.

योरवर्थचे ओठ हलतात. हिशेब जमतो.
तो काही बोलत नाही.
काठी टेकत बाहेर येतो, पावसात, टोपीविना,
स्वतःच्या गिलाव्यावर ठकठक करत सरकतो,
खाणीत कडा वाजवून बघायचे तसा,
कान लावून.
भरीव. भरीव. लोणा लागलेलं, तरी भरीव.
मग पोकळ.

"इथून सुरू कर," म्हणतो.
"आणि छिन्नी माझी घे. तुमच्या हल्लीच्या वाकतात."