बसू द्या

एकतीस वर्षं मी काँक्रीटचे ठोकळे फोडले
कॉलेजच्या लॅबमध्ये, बजाजनगरला.
काटा चढत जायचा, चढत जायचा,
मग फाट्‌.
मी वहीत आकडा लिहायची, सही घ्यायची.
ताकद म्हणजे तुटण्याआधीचा शेवटचा आकडा,
मला एवढंच शिकवलेलं, मीही तेवढंच शिकवलं.

निवृत्तीनंतर मौद्याला जागा घेतली.
इस्तारी शेंड्यांनी धानाच्या तणसाचे गठ्ठे उतरवले,
प्रत्येकाच्या दोऱ्यात बोट घालून पाहिलं,
बोट सहज शिरलं तो गठ्ठा बाद.
लोंबी दिसली तोही बाद, "उंदराले आवतण कायले?"

मला राहवेना. एक गठ्ठा एसटीच्या टपावर टाकून
जुन्या लॅबमध्ये नेला. ठोकळ्यांच्या मशीनमध्ये मावेना,
बीम मोडायच्या मोठ्या मशीनखाली ठेवला.
पोरं जमली.
आवाज नाही. तडा नाही.
तो नुसता खाली गेला, आणखी खाली,
दाब काढल्यावर जरा वर आला. सगळा नाही.
पेन उघडं, वही कोरी.

जानेवारीत सात थर चढले, विटेसारखे, सांधा चुकवून,
बांबूच्या खुंट्या वरून आरपार.
त्यावर सागाची चौकट, त्यावर कौलांचं सगळं वजन.
मी म्हटलं, आता गिलावा.
"बसू द्या ना भितीले. घाई काऊन करता?"

भिंतीशेजारी त्यांनी एक कळक रोवला.
रोज सकाळी चौकटीच्या उंचीला पेन्सिलची खूण:
पहिल्या आठवड्यात दोन बोटं,
दुसऱ्यात एक,
मग नखाएवढी,
मग खुणेवरच खूण.
एकोणिसाव्या दिवशी ते काही न बोलता चुना कालवायला बसले.

आता मे. बाहेर सेहेचाळीस.
शेजाऱ्यांचा कुलर दुपारभर घरघरतो.
मी भिंतीला पाठ लावून बसते आणि मला माहीत आहे
की वजन आधी गिलाव्याची कातडी घेते,
आणि आतली काडी काडी तिला वाकू देत नाही.
कोण कोणाला धरून आहे, हे मशीनने सांगितलं नसतं.

जुनी वही परवा काढली.
नमुना: तणीस. ठिकाण: मौदा.
खचली: त्रेचाळीस मिलिमीटर.
'तुटली' या रकान्यात आडवी रेघ मारली,
सही माझीच.

इस्तारी विचारत होते,
तो कळक नेऊ का, वालाचा वेल चढवायले.
खुणांसकट न्या, म्हटलं.