संवेदनशीलता

मेटल डिटेक्टरच्या उजव्या खांबात, माझ्या खांद्याच्या उंचीवर
एक काळी गोल खुंटी असते. शून्य ते नव्याण्णव.
तिच्याखालच्या पट्टीवर आम्ही छापतो : संवेदनशीलता.
टेंडरात मराठी सक्तीची, म्हणून.

रबाळ्याच्या गाळ्यातून आजवर दोनशे सतरा फ्रेमा गेल्या.
सगळ्या मी पंच्याऐंशीवर लावून पाठवल्या.
वर्षाने सर्व्हिसला जावं, तर वाशीच्या मॉलमध्ये तीस,
ठाण्याच्या इस्पितळात बावीस.
"रांग रस्त्यावर येते हो मॅडम, लोक शिव्या घालतात."
आणि सीवूड्सच्या थिएटरात खुंटी जशीच्या तशी पंच्याऐंशीवर,
प्लग तेवढा काढलेला.
तिथे वॉचमनचा मोबाइल चार्जिंगला.

त्याच फ्रेमच्या आडव्या पट्टीला लिंबू-मिरची.
गुंडाप्पा दर शनिवारी नवी बांधतो, स्वतःच्या पैशाने.
तिची एएमसी कधी चुकली नाही.
"मे महिन्यापासून बंद आहे मॅडम," तो म्हणाला. "झालं का काही?"
काही झालं नव्हतं.
मी वहीत लिहिलं : काही झालं नाही.
कशामुळे झालं नाही, याला
आमच्या तक्त्यात रकाना नाही.

इस्पितळातल्या मेमरीत आकडा सापडला :
वर्षात एकेचाळीस हजार वेळा वाजली.
किल्ल्या, डबे, जोडवी, कुणाच्या पिशवीतला अडकित्ता,
एका आजोबांच्या खुब्यातली सळई.
ते आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येतात,
दोनदा सदरा वर करून व्रण दाखवतात.
आणि, खोटं का बोलू, कोर्टाच्या दारात एकदा
एक सत्तूर सापडला होता.
वर्तमानपत्रात गुंडाळून लेंग्याच्या नाडीला बांधलेला.
तो कुणाच्या मानेसाठी निघाला होता, आम्हाला कळलं नाही.
ती मान आज कुठेतरी टपरीवर चहा पीत असेल.
तिला मी विसरत नाही.

मुदस्सर कौशाहून येतो. सोल्डरिंगला त्याच्यासारखा हात नाही.
फ्रेम तयार झाली की चाचणीला माणूस लागतो :
घोट्याला पोलादाचा तुकडा बांधून वीसदा आत, वीसदा बाहेर.
तेही तोच करायचा, शीळ घालत.

गेल्या डिसेंबरात काहीतरी झालं. लांब कुठेतरी, टीव्हीवर.
त्याच रात्री मुंब्र्यातल्या चार इमारतींचे जिने बुटांनी भरले.
बातमीत शब्द आला : संवेदनशील भाग.
नाव सारखं होतं म्हणे, आडनावातलं एक अक्षर सोडून.
अकरा दिवस.

बाराव्या दिवशी डबा घेऊन वेळेवर आला.
आम्ही काही विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.
बोटं तशीच नेमकी.
पण आता फ्रेममधून जाताना त्याचे हात आपोआप वर जातात
आणि पलीकडे पोचल्यावरही
कुणी "जा" म्हणेपर्यंत वरच राहतात.
"जा," मी म्हणते.
वीसदा.

त्याच्या इमारतीखाली एक पानवाला आहे.
तो पूर्वी चौकीतल्या हवालदाराला सहज सांगायचा,
कोण नवा भाडेकरू, कोण रात्री दोनला खोकी उतरवतो.
त्याचाही भाचा त्या जिन्यावरून उतरला होता, अनवाणी.
आता हवालदार येतो, मसाला पान घेतो, वाट बघतो.
पानवाला चुना लावतो, सुट्टे मोजतो.
कुठलीही खोकी गेली तरी
तो आता वाजत नाही.

नव्या वर्कऑर्डरीत चाळीस फ्रेमा आहेत.
पाठवण्याआधी प्रत्येकीतून मी एकदा स्वतः जाते,
घणसोलीच्या घराच्या किल्ल्या मुठीत धरून.
वाजते. पंच्याऐंशीला वाजायलाच हवी.
लाल दिवा लागतो, भोंगा गाळाभर घुमतो,
आणि कुणी मान वर करून बघत नाही.