वळसा

दाभोळ. छप्पन्नचा डिसेंबर.
शरफुद्दीनच्या पत्रावर केपटाउनचा शिक्का.
'सुएझ बंद. आफ्रिकेला वळसा घालून येतोय.
सायबानं बॉम्ब टाकले,
अमेरिकेनं दम भरला,
आठवड्यात गप्प बसला.
कप्तान जेवत नाही,
रेडिओला कान लावून असतो.
काल मला मिस्टर म्हणाला.
मी दचकलो.'

सासरा जुना तांडेल. पत्र दुमडून
कस्टमच्या धक्क्यावरल्या दगडी सिंहाकडे बघत राहिला.
सिंहाचं नाक खाऱ्या वाऱ्यानं कधीच खाल्लंय.
म्हणाला, 'वादळ गलबत बुडवत नाही गो,
कीड कुठवर गेली होती
तेवढं दाखवतं.'

रुकय्या सुकट पाखडत होती.
हात न थांबवता तिनं विचारलं,
'वळशाचे दिवस
पगारात धरतात का?'