धन टोक

बाबुआने हात पुढे केला, चौदाचा पाना दे.
मी दिला. त्याने बघितलाही नाही,
मोतीबिंदूने बघण्यासारखं काही उरलंय कुठे,
अंगठा फिरवला जबड्यावरून
आणि परत केला : हा तेराचा.
तेराचाच होता.

चिआतुरात धूळसुद्धा काळी.
मँगनीजची. छपराच्या फटींतून येते,
ग्रीसमध्ये मिसळते, चहात मिसळते.
दर शनिवारी मी तिबिलिसीहून बस धरून येते,
आणि सोमवारी ऑफिसात
नखं टेबलाखाली लपवते.

एकोणसाठची व्होल्गा विटांवर बसलीये
चपला हरवलेल्या बाईसारखी.
दोन वर्षं झाली. बोन्दो कुंपणावरून डोकावतो :
सेवेरिआन, टोयोटाचं इंजिन टाक आणि सुट.
बाबुआ म्हणतो, आधी तुझ्या छातीत
कोंबडीचं काळीज टाकू, जमलं तर बघू.

बॅटरी जोडताना मी ऋण टोक
सवयीने सांगाड्याला लावायला गेले.
तो ओरडलाच.
उलटं! हिचं धन अंगाला असतं.
आणि ऋण?
ते तारांतून फिरतं, म्हणाला. फिरू दे.

बॉनेटच्या नाकावर दोन भोकं आहेत.
तिथे हरीण होतं, चकचकीत,
पुढचे पाय हवेत.
कुठे गेलं, विचारलं की दर वेळी नवं काहीतरी :
रानात पळालं.
बोन्दोच्या बकरीबरोबर गेलं.
तुझ्या आजीने रागात फेकलं.
भोकं बुजवू का मग, मी लांबी मळत विचारलं.
नको.
इतका चटकन तो कशालाच नको म्हणत नाही.

आईने सांगितलं शेवटी, लोबिओ ढवळता ढवळता,
जणू वरच्या मजल्यावरच्या कुणाची गोष्ट.
त्या हिवाळ्यात गावात वीज नव्हती.
नोटा गोणीभर, पाव एक.
त्याने हिची बॅटरी पाठीवर घेऊन
पाच मजले चढवली,
डावा दिवा उपटून कपड्यांच्या खुंटीला टांगला,
आणि तू झालीस. पहाटे चारला. पिवळी दिसत होतीस.
सुईणीला द्यायला काही नव्हतं.
तिच्या घरी पाच वर्षांचा मुलगा होता.
तो खाली गेला, स्क्रूड्रायव्हर घेऊन.

मी पुढच्या शनिवारी काही बोलले नाही.
कार्ब्युरेटर पेट्रोलने धुतला.
गाळणीतून एक मेलेली गांधीलमाशी निघाली,
ती त्याने तळहातावर घेतली, फुंकली.
मग मी आत बसले, चोक ओढला,
तो बाहेरून म्हणाला, आता. नाही, थांब. आता.

खोकली. परत खोकली.
मग सगळं गॅरेज थरथरायला लागलं,
फळीवरचे नट डब्यात नाचले,
बोन्दोचं कुत्रं वेडं झालं.

दिवे, तो ओरडला, दिवे लाव!
डावा लागला.
धुराच्या पडद्यावर पिवळा, वाकडा.
तो येऊन माझं मनगट धरून मला पुढे घेऊन गेला,
त्या उजेडात उभी केली,
चेहरा इतका जवळ आणला की
श्वासाला लसणाचा वास.
बोटं त्याची त्या दोन भोकांवर होती,
त्याला माहीत नसावं.

अशीच होतीस, म्हणाला.
फक्त ओरडत जास्त होतीस.

मग माझ्या खांद्यावरून मान काढून :
उजवा लागत नाहीये का गं?
बघ जरा, तार सुटलीये कुठेतरी.