तिथीची पाऊणपट

बस्त्याव बावीस वर्षं भटारी होता,
जेनोवाच्या कंपनीच्या जहाजावर.
आता कालावलच्या खाडीत गळ टाकून बसतो
आणि मला वार शिकवतो:
लुनेदी, मार्तेदी, मेर्कोलेदी,
मग जोवेदी.
"गुरुवार. माझो सुट्टीचो दिवस," म्हणतो,
"ह्यो इसरा नको."

भाचीने मोबाइलवरचा निरोप वाचून दाखवला.
सिन्योरा ओर्नेल्लाला आईजवळ बाई हवी आहे.
आधी बोलू म्हणते, चेहरा बघू.
क्वान्दो ए लिबेरा?
कधी मोकळी असतेस?

असं मला कुणी विचारलं नव्हतं.
इथे विचारतात, "आसस काय गो घरात?"
आणि उत्तर येईस्तोवर
चपला काढून ओटीवर बसलेले असतात.

शिवाय माझी वेळ घड्याळातून निघत नाही.
तिथीची पाऊणपट करायची:
चवथीला तीनला भरती, अष्टमीला सहाला,
पुढे सहा तासांनी सुकती.
सुकतीला मी गुडघाभर चिखलात,
पायाच्या अंगठ्याने तिसऱ्या चाचपत,
दोरीला बांधलेली टोपली मागून तरंगत येते.
रोज पाऊण तास पुढे सरकते माझी सवड.
हे त्या बाईला कसं सांगायचं?
"सुकतीला काय म्हणतात रे तिथे?"
बस्त्याव बराच वेळ गळाकडे बघत राहिला.
"भटारखान्यातसून दर्यो दिसायचोच नाय गो, शेवंते."

अकरा वर्षं सासूची कूस बदलली मी,
दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा.
ती गेली त्या दिवशी
बायका पाण्याची कळशी खाली ठेवता ठेवता म्हणाल्या,
"सुटलंस गो. मोकळी झालंस."
तेव्हापासून हा शब्द मला
उघड्या पडलेल्या घरासारखा वाटतो.
कौलं आहेत, दार आहे,
कुणी हाक मारत नाही.

बस्त्यावचं वाक्य मात्र तिथे थांबत नाही.
सोनो लिबेरो, म्हणतो, आणि लगेच वार,
वारानंतर वेळ.
नुसतं मोकळं असून तिथे भागत नाही बहुतेक,
कधीपासून ते सांगावं लागतं.
म्हणजे त्याच्या आधी
माणसाला काही काम असणार.
हे मला आवडलं.

गुरुवारी एकादशी.
सव्वाआठला भरती, सव्वादोनला सुकती.
उपासामुळे गिऱ्हाईक अर्धं, चिखल तेवढाच.
चारला वर यायचं, पाय धुवायचे,
पुलावर बसून वाटे लावायचे,
उरलं ते भाचीच्या घरी.
सातला मी मोकळी.
सातातून साडेतीन गेले, त्यांचे साडेतीन.
सोनो लिबेरो जोवेदी,
दोपो ले त्रे ए मेद्झो.
चुलीशी म्हटलं, होडीत म्हटलं,
एकदा मास्तरणीच्या तोंडावरच म्हटलं चुकून.

रेंज फक्त शाळेच्या पायरीवर येते.
पडद्यावर चष्मा लावलेली बाई,
मागे पलंगाची कड
आणि उशीवर पांढऱ्या केसांचा झुबका,
कूस बदलायला झालेली.
ते मला आधी दिसलं.

मी वाक्य म्हटलं. ती हसली, वाईट नाही.
"लिबेरा," म्हणाली, स्वतःच्या छातीवर हात ठेवून,
मग माझ्याकडे बोट करून, "लिबेरा."
बस्त्यावने मला पुरुषाचं मोकळेपण शिकवलं होतं.
त्याच्याकडे तेवढंच होतं, बिचाऱ्याकडे.
"लिबेरा," मी म्हटलं.
तोंड किंचित जास्त उघडावं लागलं.

मग तिने विचारलं, "ए दोमेनिका?"
रविवार. चतुर्दशी.
साडेचारला मोठी सुकती,
बेटापलीकडची दांडी उघडी पडेल,
तिथल्या तिसऱ्या अंगठ्याएवढ्या.
भाची मागून कोपराने ढोसत होती,
हो म्हण, हो म्हण.

"नो," मी म्हटलं.
"दोमेनिका, नो."

सिन्योराने ते लिहून घेतलं.